जुना प्रोग्राम, नवा सर्व्हर आणि हरवलेली नऊ वर्षं

जुना सर्व्हर काढायचा, नवा ठेवायचा, प्रोग्राम कॉपी करायचा आणि घरी जायचं. इतकं सोपं असतं? साकीनाक्याच्या एका गाळ्यात तीन वीकेंड घालवल्यावर कळलं की नाही. आणि हेही कळलं, की प्रोग्राम चालू होणं ही अर्धीच लढाई असते.

शनिवारची दुपार. बोरिवलीला घरी जर्नल पूर्ण करत बसले होते आणि मामाचा फोन आला. "तू आयटीला आहेस ना गं? मग ये इकडे. नवीन सर्व्हर आलाय आणि आपला प्रोग्राम त्याच्यावर चालतच नाहीये."

घरात कुणी आयटीला असलं की प्रिंटर, वायफाय, आत्याचं बंद पडलेलं फेसबुक हे सगळं त्याच्या गळ्यात पडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. मला वाटलं, तासाभराचं काम असेल. अंधेरीला उतरून मेट्रो पकडली आणि साकीनाक्याला पोहोचले.

मामाचा तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्याला गाळा आहे. खाली लेथ आणि ड्रिल मशीन, वर पोटमाळ्यावर ऑफिस. बारा-तेरा माणसं काम करतात. पोटमाळ्यावर एका कोपऱ्यात जुना सर्व्हर बीप-बीप करत होता आणि त्याच्या शेजारी नवाकोरा सर्व्हर, अजून प्लास्टिकही न काढलेला. जुन्यावर विंडोज सर्व्हर २००३, नव्यावर विंडोज सर्व्हर २०२२. डीलरच्या माणसानं प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हनं इकडून तिकडे टाकलं होतं, आयकॉनवर डबल क्लिक केलं होतं आणि 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' अशा अर्थाचा मेसेज आल्यावर "शेठ, सॉफ्टवेअर जुनं आहे, नवीन घ्या" असं सांगून तो निघून गेला होता.

"मग घे की नवीन," मीही म्हणाले.

मामानं खाली लेथकडे बोट दाखवलं. "त्या काकांचं काय करू?"

पुरात वाचलेला हिशेब

हा प्रोग्राम १९९६ चा. फॉक्सप्रो २.६ मध्ये, डॉससाठी लिहिलेला. तेव्हा घाटकोपरचा एक प्रोग्रामर असे प्रोग्राम छोट्या कारखान्यांना करून द्यायचा. काळ्या-निळ्या स्क्रीनवर पिवळी अक्षरं, माऊस नाही, सगळं एफ-२, एफ-५ अशा बटणांवर. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मामाची बिलं दुसऱ्या पॅकेजमधून निघायला लागली. पण कुठल्या पार्टीला कुठला पार्ट, कुठल्या डायनं, कुठल्या दरानं बनवून दिला याचा सगळा इतिहास अजून याच प्रोग्राममध्ये होता. आणि कामगारांची नोंदही. लिहिणाऱ्या प्रोग्रामरचा फोन नंबर केव्हाच बदललाय.

कागदावर काहीच नाही का? होतं. २६ जुलै २००५ पर्यंत होतं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी गाळ्यांमध्ये शिरली आणि तळमजल्यावरच्या कपाटातली सगळी रजिस्टरं चिखलात गेली. कॉम्प्युटर पोटमाळ्यावर होता म्हणून तो वाचला. त्यातला डेटा पुढे २००६ मध्ये या सर्व्हरवर आला.

आता लेथवरच्या काकांकडे येऊ. ते महिनाअखेरीला रिटायर होणार होते. ग्रॅच्युइटीचा हिशेब तसा सोपा असतो: शेवटचा महिन्याचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची पूर्ण वर्षं. म्हणजे पगार २६ हजार धरला, तर दर वर्षाचे १५ हजार. पण त्यासाठी माणूस कामाला कधी लागला, ते लेखी लागतं. गाळ्यात पीएफ खूप नंतर सुरू झाला, त्यामुळे तिथली तारीख उपयोगाची नाही. काकांचं म्हणणं, "सत्त्याण्णव साली लागलो. त्या वर्षी शिमग्याला गावाला जायला सुट्टी मिळाली नव्हती, नवीन होतो ना." मामा म्हणाला, "मी देतो ना तसेच धरून." त्यावर काका जे बोलले ते माझ्या डोक्यात राहिलंय. "शेठ, मेहेरबानी नको. हिशेब हवा."

म्हणून प्रोग्राम चालणं गरजेचं होतं.

डीसी लोकल एसी लाइनवर कशी धावेल?

आपल्यापैकी कित्येकांनी कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी वापरलंय. तीच ती निळी स्क्रीन, क्लिअरस्क्रीन लिहायचं, गेटसीएच लिहायचं आणि कंट्रोल-एफ-नाइन दाबायचं. आता आठवा, ते थेट उघडायचं का? नाही. 'डॉसबॉक्स'ची एक छोटी खिडकी उघडायची आणि तिच्यात टर्बो सी. ही खिडकी का लागते, हा प्रश्न आपण परीक्षेच्या गडबडीत कधी विचारत नाही. मामाच्या प्रोग्रामचं दुखणं नेमकं तेच होतं.

मुंबईच्या लोकलनं सांगते. आपल्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या. मग रेल्वेनं तारांमधला प्रवाह २५ हजार व्होल्ट एसी केला. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये संपलं, हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये. मधल्या काळात दोन्हीवर धावणाऱ्या एसी-डीसी गाड्या होत्या. पण निव्वळ डीसीची जुनी गाडी एसीच्या तारेखाली आणून उभी केली, तर ती कितीही धडधाकट असली तरी हलणार नाही. गाडी बिघडलेली नसते, वरची तार बदललेली असते.

डॉसचे प्रोग्राम १६ बिटच्या जमान्यातले. ३२ बिट विंडोज ही एसी-डीसी गाडीसारखी होती. तिच्या आत डॉस प्रोग्रामसाठी एक वेगळी सोय असायची, त्यामुळे १९९६ चा प्रोग्राम २००६ च्या सर्व्हरवरही आरामात चालला. ६४ बिट विंडोजमध्ये ही सोयच नाही. ३२ बिटचे प्रोग्राम तिथे चालतात, १६ बिटचे नाहीत. विंडोज सर्व्हर २००८ ही ३२ बिटमध्ये मिळालेली शेवटची सर्व्हर आवृत्ती. २००९ मध्ये आलेल्या २००८ आर-टू पासून पुढचे सगळे विंडोज सर्व्हर फक्त ६४ बिट. म्हणजे डीलरनं कुठलाही नवा सर्व्हर आणला असता, तरी हाच मेसेज आला असता.

तीन वीकेंड, तीन प्रयत्न

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी मोड. त्यानं काही झालं नाही, होणारही नव्हतं. हा मोड प्रोग्रामला 'तू जुन्या विंडोजवरच आहेस' असं खोटं सांगतो आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो. पण तारेतला प्रवाह बदलला असेल, तर नुसतं खोटं सांगून गाडी सुटत नाही.

दुसरा प्रयत्न डॉसबॉक्स. प्रोग्राम उघडला! मामानं चहा मागवला. पण मग मला आठवलं, इथे दोन जण एकाच वेळी एंट्री करतात, एक मामा आणि एक अकाउंट्सवाली ताई. डॉसबॉक्स मुळात जुने गेम खेळता यावेत म्हणून बनवलेला आहे. दोन जण एकाच फाइलमध्ये लिहीत असतील, तर एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं असतं. त्या बाबतीत त्याच्या भरवशावर राहता येत नाही. एकट्यानं प्रोजेक्ट करायला डॉसबॉक्स छान आहे, कारखान्याच्या चालू हिशेबाला नाही.

इथे मी हात टेकले आणि कॉलेजच्या नेटवर्किंगच्या सरांना फोन केला. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "जुना सर्व्हर अजून चालू आहे ना? मग त्याला बंद करू नकोस. आधी पूर्ण डिस्कची इमेज घे, मग कशालाही हात लाव." मी तोपर्यंत बॅकअपही न घेता दोन दिवस त्या मशीनवर खेळत होते. सर काही बोलले नाहीत. मला मात्र घाम फुटला.

तिसरा प्रयत्न म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आपण थिअरीला यावर पाच मार्कांचं उत्तर लिहितो. इथे प्रत्यक्षात बघायला मिळालं. जुन्या सर्व्हरची अख्खी डिस्क, विंडोज, प्रोग्राम, सेटिंग, डेटा असं सगळं एका मोठ्या फाइलमध्ये उचलायचं आणि नव्या सर्व्हरच्या पोटात हायपर-व्हीमध्ये एक खोटा कॉम्प्युटर तयार करून त्याला ती फाइल डिस्क म्हणून द्यायची. जुन्या विंडोजला वाटतं, आपण आपल्याच मशीनवर आहोत.

पहिल्यांदा सुरू केलं तर निळी स्क्रीन. कारण जुन्या विंडोजला जी डिस्क ओळखीची, ती या खोट्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती. जुन्या पद्धतीचा, म्हणजे जनरेशन वनचा खोटा कॉम्प्युटर बनवला, डिस्क आयडीई पद्धतीनं जोडली, तेव्हा लॉगिनची खिडकी आली. मग प्रिंटर अडला. डॉसचा प्रोग्राम थेट 'एलपीटी-वन' या पोर्टवर अक्षरं फेकतो. तो २५ पिनांचा रुंद पोर्ट नव्या सर्व्हरला नाहीच. मग अकाउंट्सवाल्या ताईच्या पीसीला लावलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर शेअर केला आणि जुन्या विंडोजला एका ओळीच्या कमांडनं सांगितलं, की एलपीटी-वन म्हणजे तो समजायचा. कर्रर्र कर्रर्र करत कागद निघाला, तेव्हा खालची मशीनं थांबवून दोघं-तिघं वर बघायला आले.

प्रोग्राम चालला, तारीख चुकली

मामानं लगेच काकांचं नाव शोधलं. कामाला लागल्याची तारीख: १ एप्रिल २००६.

कुणी काही बोललं नाही. काकाही नाही. २००६ धरलं तर नऊ वर्षं गेली. वर्षाला १५ हजार, म्हणजे १ लाख ३५ हजार रुपये. त्याहून जास्त म्हणजे, माणूस खोटं बोलतोय असं कॉम्प्युटर सांगत होता.

मी बाकीच्या जुन्या कामगारांची नावं काढून बघितली. सगळ्यांची तारीख १ एप्रिल २००६. सगळे एकाच दिवशी कसे लागतील? मग मामाच्या लक्षात आलं. पुरानंतर २००६ मध्ये हा सर्व्हर आला तेव्हा टोकन नंबर नव्यानं दिले होते. तेव्हाच्या ऑपरेटरनं जुन्या नोंदी डिलीट करून सगळ्यांच्या नव्या नोंदी केल्या आणि तारखेच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख टाकली. रजिस्टरं तर वाहून गेलेली.

डिलीट. म्हणजे संपलंच की.

घरी येताना मेट्रोत मी फॉक्सप्रोच्या फाइलबद्दल वाचत होते. फॉक्सप्रो डेटा 'डीबीएफ' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. हा प्रकार त्याच्याही आधीचा, १९८० च्या दशकातल्या डीबेसपासूनचा. त्यात प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक जागा राखीव असते. नोंद चालू असेल तर ती जागा रिकामी. डिलीट केली तर तिथे फक्त एक फुली, म्हणजे ॲस्टेरिस्क पडतो. नोंद जागेवरच असते, प्रोग्राम ती दाखवत नाही इतकंच. ती खरोखर पुसायला 'पॅक' ही वेगळी कमांड द्यावी लागते.

आणि ऑपरेटरनं पॅक केलं नसेल तर?

रात्री डिस्कच्या इमेजमधून ती फाइल बाहेर काढली. पायथनमध्ये डीबीएफ वाचायची एक फुकट लायब्ररी आहे. ती डिलीट झालेल्या नोंदीही वेगळ्या वाचून दाखवते. सहा-सात ओळींचा प्रोग्राम, प्रॅक्टिकलला आपण याहून मोठे लिहितो. तो चालवला आणि स्क्रीनवर जुन्या टोकन नंबरांसकट ३१ नावं आली. काकांच्या नावापुढे आठ आकडे होते: १९९७०२१०. म्हणजे १० फेब्रुवारी १९९७. शिमग्याच्या महिनाभर आधी.

रात्री साडेबाराला मामाला फोन केला. त्यानं सकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं आणि पाच मिनिटांत काकांना फोन लावला.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालता करणं आणि त्यातला डेटा आपल्या हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्राम तुम्हाला तेवढंच दाखवतो, जेवढं त्याला दाखवायला सांगितलंय. मी व्हर्च्युअल मशीनवर खूश होऊन थांबले असते, तर एक चुकीची तारीख आणखी वीस वर्षं नीट सांभाळली असती.

चालतंय ना, मग राहू दे?

मामाला आता वाटायला लागलं, की झालं, सगळं आहे तसं चालू दे. सरांनी त्याला बसवून जेएनपीटीची गोष्ट सांगितली.

२७ जून २०१७. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कॉम्प्युटर ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं. हल्ला 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसचा होता. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली आणि काही तासांत तो आपल्या उरणच्या दारात येऊन उभा राहिला. कंटेनरांची कामं हातानं करायची वेळ आली. मर्स्कला जगभरात मिळून ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी दहा दिवसांत नव्यानं बसवावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

तो पसरला कसा? एक वाट विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या फार जुन्या पद्धतीतली, एसएमबी-वनमधली भेग होती. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच ती बुजवणारा पॅच दिला होता. पण एखादं मशीन तरी पॅचशिवाय राहतं. तिथून आत शिरल्यावर तो मेमरीतले पासवर्ड चोरायचा आणि पॅच केलेल्या मशीनमध्येही घुसायचा. म्हणून 'आमच्या जुन्या सर्व्हरवर महत्त्वाचं काही नाहीये' या बोलण्याला अर्थ नसतो. चोराला त्या खोलीतलं काही नको असतं, त्याला तिथून जिना हवा असतो.

विंडोज सर्व्हर २००३ चा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला संपला. मामाचं मशीन त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं इंटरनेटला लावलेलं होतं. मोठ्या संस्थांचीही हीच सवय असते. एक्स्पीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, तरी एटीएममध्ये तो चालूच होता. शेवटी रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे आखून दिले: सप्टेंबरपर्यंत २५ टक्के एटीएम, आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम सपोर्ट असलेल्या सिस्टीमवर आणा.

मग मामाचा जुना विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवला, पण कुलूप लावून. इंटरनेटची वाट बंद. फक्त दोन ठरलेल्या पीसींनाच आत प्रवेश. पेनड्राइव्ह नाही. नवीन एंट्री एका साध्या नव्या डेटाबेसमध्ये. जुना प्रोग्राम आता फक्त बघण्यापुरता.

गणपतीचं तिकीट आणि जुनी सिस्टीम

जुनं सॉफ्टवेअर म्हणजे धोकाच, असंही नाही. अंधेरी-बोरिवलीच्या प्रत्येक कोकणी घरात गणपतीच्या आधी एक सकाळ अशी येते, जेव्हा सगळे जण आठ वाजायची वाट बघत फोन हातात घेऊन बसतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी तिकीट काढता येतं. तुम्ही ॲप वापरा नाहीतर स्टेशनवरची खिडकी, पाठीमागे रेल्वेची आरक्षण यंत्रणा, पीआरएस, काम करत असते.

संगणकावर आरक्षण १९८० च्या दशकात दिल्लीत सुरू झालं. मग रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेनं 'कॉन्सर्ट' हे सॉफ्टवेअर बनवलं. त्यानं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली, म्हणून आज अंधेरीत बसून कुठल्याही गाडीचं तिकीट निघतं. हे सॉफ्टवेअर सी आणि फोरट्रानमध्ये लिहिलेलं. हो, फोरट्रान, १९५७ ची भाषा. ते चालतं ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीमवर. ती १९७७ मध्ये व्हॅक्स नावाच्या मशीनसाठी जन्मली, नंतर अल्फा चिपवर नेली, मग इटॅनियमवर. मशीन बदलत गेली, पण ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी जुन्या प्रोग्रामला जागा ठेवली.

तरी हा रस्ता कायमचा नसतो. सरकारनंच २०२५ मध्ये सांगितलं, की सध्याची पीआरएस २०१० मध्ये बसवलेली आहे, इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएसवर चालते आणि ती बदलायला हवी. इंटेलनं इटॅनियम चिप पाठवणं २०२१ मध्येच थांबवलं. नवी यंत्रणा मिनिटाला दीड लाख तिकिटं काढेल असं रेल्वेनं जाहीर केलंय. त्या वेळची क्षमता रेल्वेनं मिनिटाला ३२ हजारांची सांगितली होती.

रेल्वेच्या आणि मामाच्या सर्व्हरमध्ये फरक वयाचा नाही. रेल्वेच्या सॉफ्टवेअरच्या मागे ते ओळखणारी माणसं कायम होती. मामाच्या प्रोग्रामला १९९६ नंतर कुणी वालीच नव्हता.

आपल्याला यात काय?

क्लासवाले आपल्याला एआय, क्लाउड, डेटा सायन्सची पोस्टर दाखवतात. 'जुनं सॉफ्टवेअर सांभाळा' असं पोस्टर कुणी लावत नाही. पण अंधेरीचं सीप्झ आठवा. १९७३ मध्ये ते सुरू झालं. आणि नव्वदीच्या शेवटी आपल्या आयटी कंपन्यांना जगाची दारं उघडून देणाऱ्या कामांत एक मोठं काम होतं वाय-टू-के, म्हणजे वर्षाचे फक्त दोन आकडे ठेवणाऱ्या जुन्या प्रोग्रामची डागडुजी. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायचा, समजून घ्यायचा, न मोडता बदलायचा. आपण कॉलेजात नेहमी कोऱ्या फाइलपासून सुरुवात करतो. नोकरीत मात्र आपल्या आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं असतंच.

आणि आजूबाजूला बघा. मुलुंडच्या सोसायटीचं मेंटेनन्सचं पॅकेज, घाटकोपरच्या होलसेलवाल्याचा स्टॉकचा प्रोग्राम, डीटीपीवाल्याकडे जुन्या मराठी फॉन्टमध्ये अडकलेल्या शेकडो पत्रिका. यातल्या प्रत्येकाला एक दिवस नवा सर्व्हर किंवा नवा पीसी घ्यावा लागणार आहे. तेव्हा कुणाचा तरी भाचा किंवा भाची लागेल.

तुमच्यावर ही वेळ आली तर

• सगळ्यात आधी डिस्कची पूर्ण इमेज. दोन प्रती, एक दुसऱ्या जागी. मशीन बीप करत असेल तर आजच.

• प्रोग्राम किती बिटचा आहे ते बघा. ३२ बिटचा असेल तर ६४ बिट सर्व्हरवर चालायची बरीच शक्यता. १६ बिटचा असेल तर व्हर्च्युअल मशीन किंवा डॉसबॉक्ससारखी सोय लागेल.

• लायसन्स, सिरीयल नंबर, हार्डवेअर लॉक, प्रिंटर कुठल्या पोर्टवर आहे, हे जुनं मशीन चालू असतानाच लिहून ठेवा.

• जुना विंडोज चालवायचाच असेल, तर तो इंटरनेटला लावू नका.

• डेटा प्रोग्रामच्या बाहेर, साध्या फाइलमध्ये काढा. डीबीएफ फाइल लिबरऑफिसमध्येही उघडते. आकडे जुन्या प्रिंटआउटशी ताडून बघा.

• जो माणूस रोज तो प्रोग्राम वापरतो, त्याच्या शेजारी एक तास बसा. कुठलं बटण का दाबतो, ते विचारा. हे कुठल्याही फाइलमध्ये मिळत नाही.

काकांचा शेवटचा दिवस शनिवारी होता. मामानं प्रिंटआउट काढून सीएला दिला होता, सही-शिक्क्यासकट. चेक २८ वर्षांचा होता. काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, तो कागद द्या की एक. तारखेचा."

डॉट मॅट्रिक्सवर पुन्हा एक प्रत काढली. त्यांनी ती चेकपेक्षा जास्त वेळ वाचली.

मामाला मी सांगून टाकलंय, पुढच्या वेळी बोलावलंस तर चार्ज लागेल. तो म्हणाला, "पुढच्या वेळी म्हणजे? इस्टेटमधल्या अजून चौघांना तुझा नंबर दिलाय."